डाव्या हाताचं मत

माझा उजवा हात मनगटाच्या वर वाकडा आहे. कोणी विचारलं तर मी सांगते, निवडणुकीत मोडला. लोक हसतात. हसा बापहो, मोडला तो माझा.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आमचं गाव दुसरबीड अन् बीबीच्या मधलं. ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा ठेवायच्या असं ठरलं, तेव्हा माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, मला न विचारता माझा अर्ज भरला. मी चौथी शिकलेली, सही येत होती, तरी अंगठाच घेतला. सही करणारी बाई त्यांना नको होती. भासरे सरपंच होते अन् परत व्हायचं होतं. तेव्हा सरपंच गाव निवडत नसे. गावानं पंच निवडायचे अन् पंचांनी हात वर करून सरपंच. माझा हात त्यांनी आधीच आपल्या बाजूला मोजून ठेवला होता.

भासरा अन् भावजय यांची आमच्याकडं कडक रीत. त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर ढळायचा नाही, माझा आवाज निघायचा नाही. त्यांनीही मला शिवायचं नाही, माझ्याकडं पाहायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही. ताटात मीठ कमी पडलं तर ते समोरच्या भिंतीला सांगत, "तिले सांग, मीठ आण म्हणा." मी आणून ठेवत असे. भिंत काही उठत नव्हती.

पंचांचं मतदान शाळेत झालं. मी बायकांच्या रांगेत होते. पुरुषांच्या रांगेत आमच्याच घरी सालानं राहिलेला गडी उभा होता. त्या वर्षी त्यानं आमचं साल सोडलं होतं अन् भासऱ्यांच्या विरोधात उभ्या राहिलेल्या एका तरण्या शेतकऱ्याच्या बाजूनं तो उघड बोलत होता. भासऱ्यांची माणसं बैलगाडीच्या उभाऱ्या, कडेचे दांडके, उपसून आली. पहिला घाव त्याच्या तोंडावर बसला. तो खाली पडला तरी मारतच होते. मग रांगच रांगेवर पडली, दगड सुटले, शाळेची कौलं फुटली. मी त्याला उठून बसताना पाहिलं. एका हातानं त्यानं डोळा झाकला होता अन् बोटांतून रक्त खाली येत होतं. त्या तरण्यानंच त्याला आपल्या गाडीत घालून मेहकरच्या दवाखान्यात नेलं. डोळा गेला तो गेलाच.

चार दिवसांनी त्याची बायको मागच्या दारी आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, पोलिसाले सांगा लागलं का बैलानं शिंग मारलं. नाही तं दुसरा डोळाही फोडतो म्हणे. ज्या बैलाचं नाव सांगतलं ना, तो गरीब हाय वो. लेकरं त्याच्या पोटाखालून जातात."

त्या बैलाचंच मला फार लागलं. जेवण जाईना. निकालात मीही निवडून आले होते. नऊ पंचांत चार इकडे, चार तिकडे, अन् मधे मी. सरपंच निवडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला सांगून टाकलं, "मी थोरल्यांसाठी हात वर करणार नाही." माझं तोंड पहिल्यापासून असंच.

यांना भावापासून काही लपवता येत नसे. दुपारी भासऱ्यांनी अंगणात बोलावलं. मी खांबाआड उभी राहिले.

"तिले विचार, उद्या कोणासाठी हात वर करते."

"सांगा त्यांना," मी यांना म्हटलं, "तुमच्यासाठी नाही."

भासऱ्यांनी आपली काठी यांच्या हातात दिली. "मी भावजयीच्या अंगाले हात लावत नाही. धर्म हाय आपला. तू लाव."

यांनी लावला. एक पाठीवर, एक खांद्यावर. तिसरा आला तेव्हा मी उजवा हात आडवा धरला अन् वाळली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. मी ओरडले नाही, पण खाली बसले. यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. भासरे भिंतीला म्हणाले, "आता तिले सांग, उद्या घरीच राह्य." मी नसले की बरोबरी, मग चिठ्ठी. चिठ्ठी कशी काढवायची ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात अडकवून दिला. दुसऱ्या दिवशी पुरुष चावडीवर गेले अन् मी मागच्या दारानं निघाले. हातात कळ मारत होती, अन् राग इतका होता की कळ बरी वाटत होती.

मी चावडीत शिरले अन् पंचांत जाऊन बसले. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी आधी भासऱ्यांसाठी हात मागितले. चार. मग त्या तरण्यासाठी. चार. मी पदर डाव्या हातानं धरून बसले होते. तोच एक हात उरला होता. पदर धरायचा, नाही तर मत द्यायचं. मी हात वर केला अन् पदर खांद्यावर आला. साऱ्या गावासमोर, भासऱ्यांसमोर, उघड्या डोक्यानं.

भासऱ्यांचा एक पंच उठला. "साहेब, डावा हात चालत नाही. डाव्या हातानं माणूस काय करते, सगळ्याइले ठाऊक हाय."

साहेब माझ्या कामट्यांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "हात वर करा म्हटलं होतं. वर आहे." अन् पाच मोजले.

मग खुर्च्या उडाल्या. साहेबांच्या कारकुनाचं डोकं फुटलं, दारातून दगड आत आले, पोलीस लाठ्या घेऊन घुसले. मी भिंतीच्या कडेनं बाहेर पडले अन् घरी आले.

भासरे माझ्या मागूनच आले. हे आधीच येऊन अंगणात उभे होते. भासऱ्यांनी पुन्हा काठी यांच्या हातात दिली.

मी डावा हात पुढं केला. "घ्या, हाही मोडा. आता पुढच्या निवडणुकीपर्यंत याचं काम नाही."

हे माझ्या हाताकडं पाहत राहिले. मग वाकले अन् काठी भावाच्या पायापाशी ठेवली. "दादा, तुमीच मारा."

भासऱ्यांनी काठी उचलली. वरही नेली. माझं डोकं उघडंच होतं. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं अन् भिंतीला म्हणाले, "तिले सांग, पदर घे म्हणा."

यांनी तो निरोप मला दिला नाही. मी पदर घेतला नाही. माझा हात अजून पुढंच होता.