चायना नको, भाव मात्र चायनाचा लावा

आमच्या सोसायटीच्या आवारात चिनी वस्तूंची होळी पेटली, तेव्हा सगळ्यात जास्त धूर एका पिवळ्या बदकाचा झाला. कुणाच्या तरी बाळाचं टबात सोडायचं बदक होतं ते. आधी त्याची चोच वितळली, मग सगळं अंगच बसलं, आणि असा काळा, घशाला चिकटणारा धूर निघाला की घोषणा देणाऱ्यांचीच पहिली पांगापांग झाली. चिनी माल आरोग्याला घातक असतो, हे आम्ही त्या दिवशी तो जाळून सिद्ध केलं.

हा कार्यक्रम आमच्या सेक्रेटरींचा. शहाड स्टेशनापासून चालत जाता येईल अशी आमची साधी चार मजली इमारत. सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ. आवाज मोठा, आणि देशप्रेम त्या आवाजाच्या मापाचं. सीमेवर तणाव वाढला की त्यांना स्फुरण चढायचं. तो निवळला की ते पुन्हा पार्किंगकडे वळायचे. त्या वेळी त्यांनी दारोदार फिरून चिनी वस्तू मागितल्या. लोकांनी दिल्याही. बंद पडलेली घड्याळं, एका बाजूनेच पेटणाऱ्या दिव्यांच्या माळा, चाक गेलेल्या गाड्या. भंगारवाल्याने नाकारलेलं सगळं देशाला अर्पण झालं. फोन कुणी दिला नाही. फोन लागणारच होते, त्याशिवाय व्हिडिओ कशाने काढणार?

आमच्या दाराशी आले तेव्हा सासूबाई बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. त्या कणकवलीकडच्या. चाळीस-एक वर्षं कल्याणच्या बाजूला काढली, पण जिभेवरचं गाव उतरलं नाही. त्यांच्या उशाशी एक लहानशी चिनी बॅटरी असे, अंधारात बाथरूमपर्यंत जायला. सेक्रेटरींची नजर तिच्यावर गेली.

"आजी, ही पण द्या. चायनाची आहे."

"कित्याक? तिना तुमचा काय घोडा मारल्यान?" सासूबाईंनी बॅटरी पदराखाली घेतली. "गेली पाच वर्सां पेटता ती. तुमचो जिन्यातलो बल्ब पेटता काय?"

सेक्रेटरी हसले, पण ते त्यांना लागलं. खाली जमलेल्या मंडळींत त्यांनी "काही घरांतून सहकार्य मिळालं नाही" असं मोघम जाहीर केलं, आणि कोणतं घर ते सगळ्यांना कळेल अशा बेताने आमच्या गॅलरीकडे पाहिलं. सासूबाईंनी वरून हात केला. माझा नवरा मात्र खाली मान घालून घरात आला. चारचौघांत नाव निघालं की या माणसाला ताप चढतो.

त्याच तापात त्याने ती पिशवी घेतली.

त्या जाळपोळीनंतरच्या रविवारी आवारातच स्वदेशी मालाचा स्टॉल लागला. स्टॉल सेक्रेटरींच्या मेहुण्याचा. त्याचं कल्याणला बाजारात इलेक्ट्रिक वस्तूंचं दुकान आहे. चिनी माल जाळून मोकळ्या झालेल्या घरांत आता देशी माल भरायचा, अशी ती योजना होती. एकाने भूक लावायची आणि दुसऱ्याने वाढायचं. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने, सगळ्यांना दिसेल अशी, एक इलेक्ट्रिक शेकपिशवी घेतली. आत पाणी भरलेलंच असतं, वायर लावायची, लाल दिवा विझला की काढायची आणि गुडघ्यावर ठेवायची. डब्यावर तिरंग्याचे पट्टे, हात जोडलेली एक बाई आणि मोठ्या अक्षरात 'गर्वाने देशी'. बिल मागितलं तर मेहुणा म्हणाला, "घरच्या माणसांत बिल कसलं?" नवऱ्याला ते घरचं माणूस होणं फार आवडलं.

सासूबाईंचे गुडघे थंडीत धरायचे. नदीकडून पहाटे गारवा येतो आणि आमच्या भिंती तो दुपारपर्यंत सोडत नाहीत. त्या इतकी वर्षं तव्यावर मीठ गरम करून फडक्यात बांधून शेकायच्या. पण मुलाने आणलं म्हणून त्यांनी पिशवी वापरायला घेतली. दोन-तीन आठवडे ती बरी चालली. त्याही म्हणाल्या, "बरी हा गो, मिठाची सांडलवंड नाय."

एका शनिवारी दुपारी मी ओट्याशी पीठ मळत होते. बाहेरच्या खोलीतून फट् असा आवाज आला, टायर फुटल्यासारखा, आणि पाठोपाठ सासूबाईंचा. त्या बाईला मी रडताना एकदाच पाहिलंय, सासरे गेले तेव्हा. या वेळी त्या रडल्या नाहीत, ओरडल्या. पिशवीची शिवण एका बाजूने फाटली होती आणि आतलं उकळतं पाणी त्यांच्या मांडीवर, गुडघ्यावर आणि पोटरीवर सांडलं होतं. वायर केव्हाच काढलेली होती. लाल दिवा विझल्यावरच त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती. सगळं डब्यावर लिहिलंय तसं.

मी पिठाच्या हातांनीच त्यांना उचलून मोरीत नेलं आणि पायावर नळ सोडला. लुगडं ओढायला गेले तर त्या किंचाळल्या, म्हणून कात्रीने कापलं. कातडीवर फोड येताना मी डोळ्यांनी पाहिले. नवऱ्याने रिक्षा आणली. हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत सासूबाई एकच वाक्य म्हणत होत्या, "मेल्याचा तळपट होवूंदे." कोण मेला ते त्यांना माहीत नव्हतं. मला शोधायचा होता.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहून विचारलं, "शेकपिशवी का?" जणू कुत्रा चावला का विचारावं तसं. थंडीत हे येतंच, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पिशवी उचलली. पाण्याने भिजून तिच्यावरचं तिरंगी लेबल निम्मं सुटलं होतं. नखाने ओढलं तर खाली दुसरं, छापीलच, चिनी अक्षरांचं. डब्याच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होतं: जुळणी व पॅकिंग भारतात. जुळणी म्हणजे काय, तर वायरला आपला प्लग लावला होता आणि वर लेबल चिकटवलं होतं. तो गर्व नक्की प्लगचा होता की गोंदाचा, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ग्राहकांच्या तक्रारीसाठी असतो त्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. बिल आहे का? नाही. मॉडेल नंबर? नाही. उत्पादकाचा पत्ता? पत्ता होता, भिवंडी रस्त्यावरच्या एका गाळ्याचा. आम्ही दोघं तिथे जाऊन आलो. गाळ्यात आता पनीर पॅक होत होतं. तिथल्या माणसाने सांगितलं, आधीचे गेले, कुठे ते माहीत नाही, पनीर हवंय का? नवऱ्याने घेतलं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.

मग मी एकटी कल्याणला दुकानात गेले. मेहुण्याने मला ओळखलं, बसायला स्टूल दिलं, पाय भाजल्याचं ऐकून च्‌ च्‌ केलं, आणि मागे वळून तसलीच दुसरी पिशवी काउंटरवर ठेवली.

"घेऊन जा ताई. बदलून देतो."

"मला पाय बदलून हवाय. देता?"

तो जरा गडबडला. मी भिजलेलं लेबल पुढे ठेवलं आणि विचारलं, हे देशी कसं?

"ताई, तुम्हाला धंदा कळत नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "अख्खा माल तिकडून आणला तर आयातीची ड्यूटी बसते. सुटा आणला तर कमी बसते. मग इथे जोडायचा. इथे जोडला म्हणजे इथलाच झाला ना? सरकार ड्यूटी वाढवतं ते आपल्या लोकांना काम मिळावं म्हणूनच. मिळालं की काम."

"आणि हा नीट आहे की नाही ते तपासतं कोण?"

त्याने खरंच विचार केला. मग म्हणाला, "गिऱ्हाईक."

मी काही बोलणार, तेवढ्यात एक सुशिक्षित दिसणारा गृहस्थ दुकानात शिरला. दिव्यांची माळ हवी होती. "चायना नको हां," त्याने बजावलं. मेहुण्याने एक माळ दाखवली, भाव सांगितला. गृहस्थाने तोंड कडू केलं. "छे! चायनाची तर याच्या निम्म्यात मिळते. चायना नको, पण भाव चायनाचा लावा." मेहुण्याने ती माळ आत ठेवली, शेजारच्या खोक्यातून दुसरी काढली, तिरंगी डब्यात घातली आणि दिली. गृहस्थ प्रसन्न होऊन गेला. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. बघितलंत, मी काय करू, असं ते पाहणं होतं. मला त्याचा राग यायला हवा होता. पण तो राग पायऱ्या उतरणाऱ्या त्या गृहस्थाच्या मागे गेला.

सोसायटीच्या सभेत मी फाटकी पिशवी टेबलावर ठेवली. सेक्रेटरींनी ती दोन बोटांनी बाजूला सारली.

"वहिनी, हाच तर चीनचा कावा आहे. आपल्याला निकृष्ट माल देतात."

"चीनने मला काही दिलेलं नाही. तुमच्या मेहुण्याने दिलंय, तुम्ही बोलावलेल्या स्टॉलवर."

एकजण म्हणाले, स्वस्त वस्तू घेतली की असंच होणार. दुसरे म्हणाले, आजींनी जास्त वेळ लावून ठेवली असेल. एक बाई म्हणाल्या, आमची अजून छान चालतेय. तेवढ्यात कुणीतरी अमेरिकेचा विषय काढला, कारण तेव्हा तिकडे आपल्या मालावर टॅरिफ लागल्याची बातमी गरम होती. लगेच सगळे माझ्या सासूच्या पायावरून उठून थेट जागतिक व्यापारात गेले. सेक्रेटरी तर पेटलेच. आपण कर लावतो ते धोरण, त्यांनी लावला ती दादागिरी. त्यांची मुलगी तिकडेच असते. तिकडे सगळं महागलं म्हणून गेल्या भेटीत ती कल्याणच्या बाजारातून दोन बॅगा भरून वस्तू घेऊन गेली, हे मीच लिफ्टशी उभी राहून पाहिलेलं. केसांचे चाप, चार्जर, स्वयंपाकघरातली कापायची यंत्रं. चीनमधून निघालेला माल कल्याणला टेकून अमेरिकेला गेला. असा कर चुकवायची कल्पना बीजिंगलाही सुचली नसती.

शेवटी ठराव झाला. आवारात विकलेल्या कोणत्याही वस्तूची जबाबदारी सोसायटीची नाही. सगळ्यांनी हात वर केले. माझ्या नवऱ्याचाही हात निम्मा वर गेलेला. माझ्याकडे बघून त्याने तो खाली घेतला आणि डोकं खाजवलं.

घरी येऊन मी सगळं सासूबाईंना सांगितलं. त्या पाय लांब करून बसल्या होत्या. जखम भरत आली होती, पण कातडी गुलाबी आणि चुरगळलेली.

"त्येचा दुकान खंय हा?"

"का?"

"माका व्हर थंय."

डॉक्टरीणबाईंनी चालायला परवानगी दिली, त्याच आठवड्यात आम्ही रिक्षाने गेलो. सासूबाईंनी दुकानात शिरून मेहुण्याला नमस्कार केला आणि दारातल्या स्टुलावर बसल्या. तो म्हणाला, "आजी, काय हवंय?" त्या म्हणाल्या, "काय नको. बसतंय."

पहिली बाई पिशवी बघायला आली तेव्हा सासूबाईंनी हाक मारली, "अगो बाय, हयसर ये." आणि भर बाजारात, जन्मभर पायाचं बोट झाकून वागलेल्या त्या म्हातारीने लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं. "ह्या बघ. ह्येच्याच दुकानातला." ती बाई पिशवी ठेवून निघून गेली. दुसरी आली, तिलाही तेच. एका जोडप्याने फोटो काढायची परवानगी मागितली, सासूबाईंनी पाय उजेडात धरला. मी बाजूला उभी होते आणि मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. वाटली नाही.

मेहुणा आधी हसला, मग रागावला, मग हात जोडून उभा राहिला, डब्यावरच्या बाईसारखाच. "आजी, माझी रोजीरोटी आहे."

"माझो पाय हा," सासूबाई म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास मागितला. त्याने दिला.

दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा फळीवर पिशव्या नव्हत्या. सगळ्या परत पाठवल्या, शपथ घेतो, तो म्हणाला. माफीही मागितली, घाईघाईत, गिऱ्हाईक नाही असं बघून. सासूबाई परत येताना रिक्षात खुशीत होत्या. ग्राहकांचा नंबर, सभा, ठराव, कशाने जे झालं नाही ते त्यांनी स्टुलावर बसून केलं. मीही खूश होते.

माझं ऑफिस ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळ. पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी डेपोसमोरच्या हातगाडीवर मला शेकपिशव्या दिसल्या. त्याच पिशव्या, तीच शिवण. तिरंगा गेला होता. आता पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'एक्स्पोर्टचा माल. अमेरिकेने टॅरिफ लावल्यामुळे स्वस्तात.' गर्दी चांगली होती.

माझ्या शेजारी एक बाई पिशवी हातात घेऊन दाबून बघत होती. गाडीवाल्याला म्हणाली, "चायनाची नाही ना?"

मी तिला थांबवलं. सासूबाईंचा पाय, फाटलेली शिवण, लेबलाखालचं लेबल, सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. मध्ये "अगं बाई" म्हणाली. वाईट वाटलेलं चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमच्या सासूबाईंची चायनाची असणार," ती म्हणाली. "ही अमेरिकेला जाणारी आहे."

आणि तिने दोन घेतल्या. एक तिच्या आईसाठी.