बासष्ट मीटर आत सरकलेले टायर

नमनाला घडाभर तेल नको म्हणून आधीच सांगतो. या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं वाचत आलोय ते फक्त चुका काढायला. 'वळून पाहिलं तर तिचे पाय उलटे' असं काही आलं की मी लगेच मेधाला, म्हणजे बायकोला, विचारायचो की मिट्ट काळोखात या गृहस्थाला पाय दिसले कसे? मी मूळचा पुण्याचा, मेकॅनिकल इंजिनिअर, ऑकलंडमधल्या ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात मशीन्सचं मेंटेनन्स बघतो. मशीन आपोआप बंद पडत नाही, कुणीतरी काहीतरी केलेलं असतं — हा माझा तीस वर्षांचा अनुभव. माणसांबद्दलही माझं मत साधारण तेच. तेव्हा खाली जे लिहितोय ते दुसऱ्या कुणाचं वाचलं असतं तर मी हसलोच असतो.

आम्ही राहतो टाकानिनीत. तिथून सव्वा तासावर, पोर्ट वायकाटोच्या दक्षिणेला चुनखडीच्या टेकड्या आहेत, त्यात आमची बावीस एकर जागा. मला मायक्रोलाइट, म्हणजे दोन सीटचं हलकं विमान, उडवायचा नाद आहे. पन्नाशीला लायसन्स काढलं आणि मग स्वतःची गवताची धावपट्टी हवी असं डोक्यात बसलं. "लोक उतारवयात बाग करतात, आमच्याकडे विमानतळ काढतायत," मेधा येईल त्याला सांगायची.

दोन उन्हाळे गेले त्यात. डिगर आणून उंचवटे काढले, कडेने चर खणले, बी पेरलं, रोलर फिरवला, आणि मुळं धरेपर्यंत वर्षभर त्यावर चाक टेकवलं नाही. शेवटी तीनशे साठ मीटर लांब, वीस मीटर रुंद अशी हिरवीगार पट्टी झाली. पश्चिम टोकाला मॅक्रोकार्पाच्या झाडांची उंच भिंत, पूर्व टोकाला कुंपणाचा कोपऱ्यातला जाड खांब. वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेकडून उतरायचं आणि झाडांच्या आत थांबायचं. पूर्व टोकाशी, खांबाच्या रेषेत, दोन बाजूंना पांढरे रंगवलेले दोन जुने टायर लोखंडी खुंट्यांनी ठोकलेले. वरून तेच दिसतात. टायर ओलांडले की चाकं टेकवायची, एवढा साधा नियम.

रोलर होता रॉसचा. रॉस आमचा एकुलता एक शेजारी, पंचाहत्तरीचा, बायको गेल्यापासून एकटा. गुरं आणि मेंढ्या पाळतो. पहिल्या दिवशी गमबूट घालून फाटकातून आला आणि "कुठून सुरुवात करायची?" एवढंच म्हणाला. गवत वाढलं की त्याच्या मेंढ्या स्ट्रिपवर सोडायचा. त्या दोन वर्षांत शनिवारची दुपार म्हणजे रॉसच्या व्हरांड्यात चहा, हे ठरून गेलं होतं. परक्या देशात वीस वर्षं काढून मला मित्र म्हणावा असा हाच एक मिळाला होता. हे तेव्हा कधी बोललो नाही, आता लिहितोय.

फक्त एकदा त्याने सांगितलं होतं, "मिलिन, गाई विणार असतील ते दोन महिने जरा कमी उडव. बिचकतात त्या." (मिलिंद त्याला जमत नाही.) मी हो म्हटलं. पण ते वाक्य मी मनात कुठेतरी जपून ठेवलं... माझा स्वभाव!

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी विमान आठवडाभर क्लबच्या विमानतळावर सर्व्हिसिंगला होतं. शनिवारी सकाळी मी ते घेऊन आमच्या स्ट्रिपवर उतरलो. टायर ओलांडून चाकं टेकवली, पण गवत ओलं, ब्रेक दाबून उपयोग नाही, आणि झाडं भराभर जवळ यायला लागली. थांबलो तेव्हा प्रोपेलर आणि झाडं यांच्यात दहा पावलं होती. मागे चालत गेलो तर दोन्ही टायर खांबापासून आत सरकलेले. चाकाची मोजपट्टी फिरवली. बासष्ट मीटर.

वाऱ्याने टायर सरकत नाहीत, आणि सरकले तरी सरळ रेषेत जाऊन स्वतःला खुंट्या ठोकून घेत नाहीत. कुणीतरी हे केलं होतं. त्यातही मला खटकली ती दुसरीच गोष्ट. टायर उचलला तर खालचं गवत पिवळं पडलेलं, महिनोन् महिने झाकून राहिल्यावर पडतं तसं. आणि जुन्या जागी गवत हिरवं, खुंट्यांची भोकंही नाहीत. मागच्या रविवारी मी स्वतः टायर जुन्या जागी पाहिले होते. मग मी काय निष्कर्ष काढला असेल? की कुणीतरी गवताची ढेकळं कापून अदलाबदल केली. आज हसू येतं, पण तेव्हा मी गुडघ्यांवर बसून सुरीच्या खुणा शोधत होतो.

टायर परत जागेवर आणले. दोन आठवड्यांनी पुन्हा आत. पुन्हा बासष्ट मीटर, सेंटिमीटरचाही फरक नाही.

मग खांबावर कॅमेरा लावला, दर पाच मिनिटांनी फोटो काढणारा, शिवाय समोर काही हललं की वेगळा. तिसऱ्या वेळी कार्ड काढून लॅपटॉपवर पाहिलं. मंगळवार, सकाळी सव्वाअकराच्या फोटोत टायर जुन्या जागी. अकरा वीसच्या फोटोत आत. मध्ये एकही फोटो नाही. दोन्हींत रॉसच्या त्याच सात मेंढ्या चरताहेत, मान वर केलेली नाही एकीनेही.

"आता?" मेधा म्हणाली.

"कार्ड बदललंय कुणीतरी. मधले फोटो उडवलेत."

"रॉसने? त्याला फोनवर मेसेज वाचता येत नाही अरे."

"मेंढ्या ओळखीच्या माणसालाच बिचकत नाहीत, मेधा."

"तुला ना, भूत निघालं तरी चालेल, पण शेजारी निर्दोष निघालेला चालणार नाही." एवढं बोलून ती उठून गेली.

मी समोर जाऊन विचारायला हवं होतं. शनिवारी चहाच्या वेळी एक साधा प्रश्न, बस. पण मी पडलो पुणेकर. पुणेकराला तोंडाने बोलायचं नसलं की तो काय करतो? पाटी लावतो! आमच्या दोघांच्या मधल्या फाटकावर मी स्वच्छ अक्षरांत इंग्रजी पाटी लावली. मराठीत तिचा अर्थ असा: 'ही धावपट्टी रोज मोजली जाते. टायर हलवणारी व्यक्ती कोण आहे हे मालकास ठाऊक आहे.' लावताना मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू. आपल्याकडे अशी पाटी वाचून लोक हसतात, फोटो काढतात आणि विसरून जातात. तिकडच्या रानात, जिथे फाटकाला कुलूपही नसतं, तिथे ती कशी वाचली जाईल हा विचार मला शिवला नाही.

संध्याकाळी रॉस फाटकाशी आला. आत आला नाही.

"हे माझ्यासाठी आहे का?"

"ज्याने हलवले त्याच्यासाठी आहे."

त्याने पाटी पुन्हा एकदा वाचली. "मला ते टायर तिथे नको असते ना मेट, तर मी तुला तोंडावर सांगितलं असतं. गाईंचं सांगितलं तसं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या मेंढ्या गेल्या आणि फाटक त्याच्या बाजूने तारेने बांधलेलं होतं. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं!

त्यानंतर महिनाभर चहा नाही, बोलणं नाही. पाऊस मात्र रोज.

मग तो शनिवार. ऊन पडलं होतं, पश्चिमेचा छान वारा होता. मेधाची हॉस्पिटलमध्ये ड्युटी होती, ती दक्षिण ऑकलंडला फार्मासिस्ट आहे. मी एकटाच गेलो. टायर पुन्हा आत होते. शिव्या घालत ते खांबाशी आणून ठोकले, पूर्ण स्ट्रिप चालून पाहिली, प्रत्येक उड्डाणाआधी पाहतो तशी. एक वाजून चाळीस मिनिटांनी खांबापासूनच धाव घेऊन निघालो. किनाऱ्यावर फिरून अडीचच्या सुमारास परत आलो आणि वरून खाली पाहिलं.

टायर आत.

दिवसाढवळ्या, मी हवेत असताना! राग इतका आला की कानशिलं तापली. ठरवलं, आज टायर बघायचेच नाहीत, खांबाच्या अंदाजाने जुन्या जागीच उतरायचं, होऊन जाऊ दे. तसा खाली यायलाही लागलो. आणि अगदी शेवटी, माझ्यातला तो जुना संशयी किडा वळवळला. जो माणूस भरदिवसा टायर हलवतो त्याने गवतात आणखी काय टाकून ठेवलं असेल? तार? खिळे? मी इंजिनला थोडी ताकद दिली, टायर ओलांडले आणि मग चाकं टेकवली. वारा समोरून जोरात होता, त्यामुळे आरामात थांबलो.

पुरावा म्हणून फोटो काढावेत म्हणून फोन हातात धरूनच मागे गेलो. टायर आणि खांब यांच्या मध्ये, पट्टीच्या बरोबर मधोमध, जमीन नव्हती.

इथे चुनखडीत पाण्याने आतून जमीन पोखरली जाते आणि एक दिवस वरचं झाकण खचतं. टोमो म्हणतात त्याला. तोंड दुहेरी पलंगाएवढं होतं, कडेला मी पेरलेलं गवत मुळांसकट लोंबत होतं. दगड टाकला. आवाज आला नाही. पन्नास मिनिटांपूर्वी याच जागेवरून मी धाव घेतली होती. मी तिथून रांगत मागे आलो आणि टायरवर बसून राहिलो. भीतीने रडलो, त्यात लाज कसली.

फोनवर मेधाचा मेसेज दिसला. दोन वाजून पाच मिनिटांचा. 'अरे, रॉस आमच्या वॉर्डात आहे. गुरुवारी पडला, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी औषधं तपासायला गेले तर ओळखलं मला. म्हणाला, मिलिनला आत्ताच कळव मी इथे आहे म्हणून. आज काही हललं तर निदान माझं नाव नको.'

तीन आठवड्यांनी रॉस घरी आला. मी पाटी काढून टाकली होती. तार त्याच्या बाजूची, तिला हात लावला नाही, रस्त्याने वळसा घालून गेलो. तो व्हरांड्यात वॉकर बाजूला ठेवून बसला होता. मी सरळ म्हटलं, "रॉस, चुकलो. माफ कर."

"ऑल गुड," म्हणाला. मेधाने दिलेला डबा घेतला, स्वतःच चहा ओतला. टोमोबद्दल ऐकून खरंच हादरला. आम्ही जागा घेण्याआधी त्या पॅडकमध्ये, म्हणजे कुरणात, आयुष्यभर त्याची गुरं चरली होती, पण कधी पाय रुतला नव्हता. मला वाटलं, झालं, मिटलं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

आणि मग, चहा अर्धा झाला असताना, मी विचारलं. न विचारता राहवलंच नाही. "रागावू नकोस रॉस, पण... तू कुणाला पाठवलं तर नव्हतंस ना? खड्ड्याची कुणकुण लागली म्हणून, माझ्या भल्यासाठी?"

त्याने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चहा पी, मिलिन. गार होतोय."

त्यानंतर त्याने मला बोलावलं नाही. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो कामात होता.

जमीन तपासायला तज्ज्ञ येऊन गेला. खड्डा कसा पडला हे त्याने नीट समजावलं. टायरचं विचारल्यावर तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला, म्हणून फोटो दाखवले नाहीत. आता खड्ड्याभोवती कुंपण आहे, स्ट्रिप तीनशे साठ नव्हे, दोनशे अठ्ठ्याण्णव मीटरची आहे, आणि टायर तेव्हापासून तसूभरही हललेले नाहीत. कार्ड तीन जणांना तपासायला दिलं. मधले फोटो उडवलेले नाहीत, ते काढलेच गेले नव्हते. पिवळ्या गवताचं काय, हे कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. तुमच्यापैकी कुणी चुका काढायला वाचत असेल तर जरूर काढा, मी मनावर घेणार नाही.

रॉस आता काठी घेऊन चालतो, युटही, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली त्याची गाडी, चालवायला लागलाय. रस्त्यात समोरून आला की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. तिकडे गाडीतून दिसलेल्या कुणालाही तसं करतात, अगदी वाट चुकलेल्या अनोळखी माणसालासुद्धा.