दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. वय सत्तेचाळीस, गुडघे कुरकुरतात, केस मागून खांद्यापर्यंत आणि पुढून नाहीतच. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तो बाहेरून इतक्या शांतपणे बोलतो, की आत घाबरलेली बाई पाच मिनिटांत त्याला सुनेच्या कागाळ्या सांगायला लागते. आणि हाच माणूस घरी आला, हातांचं ग्रीस धुतलं, की गिटार गळ्यात अडकवून असा काही सुटतो की कपाटातल्या बश्या थरथरतात. थ्रॅश मेटल म्हणतात त्याला. म्हणजे काय, हे लग्नाआधी विचारायचं मला सुचलं नाही. सेकंदाला दहा-बारा सूर, आणि सगळे रागावलेले. वीस वर्षं मी सांगत आले, "अरे, विकून टाक ती ब्याद." वीस वर्षं तो म्हणत आला, "बघू."

त्यात गेल्या वर्षी माझे बाबा आमच्याकडे राहायला आले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकट्याने जमेना. बाबांनी चौतीस वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं. दुसरी रांग, उजवीकडून तिसरी खुर्ची. इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय हा माणूस रेडिओसुद्धा ऐकत नाही. पण आई गेल्यापासून त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती, आणि त्याबद्दल कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. आता त्यांची खोली आणि नवऱ्याची गिटार यांच्यात एक भिंत, तीही नावापुरती. म्हटलं, झालं, आता आपल्या घराचं काही खरं नाही.

आठव्या दिवशी भिंतीवर काठी आपटली. गिटार थांबली. मी स्वयंपाकघरातून धावत आले तर बाबा दारात उभे.

"जावईबापू, आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही घाई करता."

नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्याचा अख्खा जन्म घाईतच वाजवण्यात गेला, त्याला म्हणे घाई करता!

"वेगात वाजवणं वेगळं आणि घाई करणं वेगळं," बाबा म्हणाले. "हेच चौपट सावकाश वाजवा बघू." आणि त्यांनी आपला मेट्रोनोम, ते टक-टक ठेका देणारं यंत्र, आणून टेबलावर ठेवलं.

वाजवता येईना हो! बोटं अडखळायला लागली. भरधाव वाजवताना चुका कोणाला कळतात? सावकाश वाजवलं की एकेक सूर उघडा पडतो. तिसऱ्याच ओळीला नवऱ्याचे कान लाल. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या त्याने स्वतःच बाबांचं दार वाजवलं. "बाबा, कालचं परत बघू या का?" मग तीन महिने आमच्या घरातलं थ्रॅश मेटल गोगलगाईच्या चालीने चाललं. वरच्या मजल्यावरची बाई विचारायला आली, "सगळं ठीक आहे ना? त्यांना बरं नाहीये का?"

एके दिवशी बाबांच्या तोंडाचा पट्टा सुटला. "असं नव्हे हो, असं नव्हे! किती वेळा सांगायचं तुम्हाला!" रागाच्या भरात ते आपल्या खोलीत गेले, पलंगाखालून पेटी ओढली आणि व्हायोलिन घेऊनच बाहेर आले. तासभर नुसतं जुळवत होते. मग त्यांनी ती ओळ वाजवून दाखवली. मी कांदा चिरत नव्हते, तरी रडले. नवरा मात्र म्हणाला, "बाबा, हे झकास आहे. पण आता दुप्पट वेगात येईल का?" बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, काठी येतेय. आणि मग वाजवलं की दुप्पट वेगात!

त्यातूनच ती रचना झाली. बाबांनी लिहिली, तीन भागांची. पहिला भन्नाट, मधला संथ, तिसरा पुन्हा भन्नाट. व्हायोलिनवर बाबा, गिटारवर नवरा आणि ड्रमवर नवऱ्याचा जुना दोस्त, जो पेशाने दंतवैद्य आहे. त्याचं पहिलं वादन ऐकून बाबांनी मला हळूच विचारलं, "दातही असेच काढतो का गं हा?" शेवटावरून तर दोघांची आठवडाभर जुंपली. नवऱ्याला शेवटी धडाका हवा होता. बाबा म्हणाले, "शेवट व्हायोलिनच्या एका बारीक सुरावर." आणि तसंच ठरलं, कारण ते सासरे.

कार्यक्रम ठरला, तेव्हा नवरा जेवताना एकदम म्हणाला, "हा शेवटचा. मागच्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातले चार दंतवैद्याचे पेशंट. या वेळी लोकांना नाही आवडलं, तर गिटार विकली." नुसतं बोलला नाही, सोमवारी एका माणसाला गिटार बघायला बोलावूनही ठेवलं. वीस वर्षांनी माझं म्हणणं ऐकलं गेलं होतं. पण मी हातातली पोळी ताटात परत ठेवली. समोर बाबा ताटातलं निवडत बसले होते. गिटार गेली तर ती पेटीही पलंगाखाली जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

रविवारी दुपारी चारला, वाचनालयाच्या हॉलमध्ये. हॉल चक्क भरला. डावीकडे काळे टी-शर्ट, लांब केस, गोंदलेले हात. उजवीकडे बाबांचे जुने सहकारी, कडक इस्त्रीचे कोट. दारावर बाबांनी मला सांगून ठळक अक्षरांत लिहून घेतलेला कागद: "दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवू नयेत." शास्त्रीय मैफलीचा त्यांचा नियम. भाग किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी शहाणीने लिहिलं नाही.

पहिला भाग संपला. काय वाजवलं म्हणून सांगू! काळ्या टी-शर्टातला एक जण आरोळी ठोकायला उठला, तर त्याच्याच मित्रांनी "शूऽऽ" करत त्याला खाली ओढलं. हॉल चिडीचूप. नवरा पांढराफटक. आयुष्यात त्याने आरोळ्या ऐकल्या होत्या, शिव्या ऐकल्या होत्या, शांतता कधी ऐकली नव्हती. मधला भाग संपला, पुन्हा तेच. मग तिसरा, आणि त्याच्या शेवटी बाबांचा तो बारीक सूर.

आणि शांतता.

काळे टी-शर्ट नियम पाळत होते. कोटवाले तर जाणकार, जुन्या रचनांना बरेचदा चौथा भाग असतो, म्हणून ते चौथ्याची वाट बघत होते. दंतवैद्य काठ्या उगारून पुतळा. बाबा डोळे मिटून, गज हवेत, अगदी सुखात. आणि माझ्या नवऱ्याने मान खाली घातली, गिटार गळ्यातून काढली, पेटीत ठेवली आणि एक खटका लावलासुद्धा.

मी आणखी मिनिटभर गप्प बसले असते ना, तर सोमवारपासून घर शांत. आयुष्यभर शांत. भिंतीपलीकडून नऊ महिने ऐकून ऐकून रचना संपली हे समोर बसलेल्यांत मला एकटीला ठाऊक होतं.

मी उभी राहिले. "अहो संपलं! तीनच भाग होते, संपले! वाजवा की टाळ्या!" आणि हात दुखेपर्यंत मीच वाजवायला लागले.

मग जो काही गदारोळ उठला! आरोळ्या काय, शिट्ट्या काय, कोटवाले खुर्च्यांवर छत्र्या आपटत होते. नवरा हॉलकडे बघतच नव्हता, वेड्यासारखा माझ्याकडे बघत होता. बाबा तेवढे भडकलेले. खाली उतरून पहिलं वाक्य काय, तर "दहा सेकंद आणखी थांबली असतीस, तर काय बिघडलं असतं तुझं?"

सोमवारी गिटार बघायला माणूस आला. दार मी उघडलं.

"विकली गेली," मी म्हटलं.

आत त्या दोघांचं वाजवणं सुरू होतं, त्यामुळे त्याला काही ऐकू येईना. मला तीनदा ओरडून सांगावं लागलं.