उपाशी ठेवायच्या चार ओळी

नाशिकहून मालेगावला निघालो म्हटल्यावर शेजारी म्हणाले, "एवढ्याशा वाटेला एवढी मोठी पिशवी?" त्यांना वाशिम जिल्ह्यातलं मालेगाव ठाऊक नव्हतं. तिथे पोचायला मला दुसरा दिवस उजाडला आणि कंबरेचे पार बारा वाजले.

पुढे केनवडला जाणारी जीप धरली. "केनवडले काय पाह्याले चालले, भाऊ?" चालकाने विचारलं.

"तूर."

"तूर त इथंबी हाये." त्याने रस्त्याकडेला बोट दाखवलं. खरंच होती, शेंगांनी लगडलेली.

मला मात्र लेखासाठी केनवडच्या सुमनबाईंची दोन एकर तूर पाहायची होती. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन कालवून, मुरवून केलेलं जीवामृत त्या पिकाला देत. त्याने फरक पडतो का, हे पाहायला एका संशोधक मॅडमनी त्यांच्या शेतात प्रयोग लावला होता. सगळ्या तुरीला जीवामृत, फक्त बांधाकडच्या चार ओळींना काही नाही. आज शिवारफेरी (सगळ्यांनी मिळून पीक पाहणं) होती. फरक दिसला तरच गावातल्या दहा-बारा बाया पुढच्या हंगामात हे करणार होत्या.

फरक दिसेना. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या चार ओळीही तितक्याच भरलेल्या.

"मंग कायले एवढा उपद्व्याप?" एक बाई म्हणाली. मॅडम शेंगा मोजत होत्या, चेहरा उतरलेला. एवढ्या लांब येऊन हेच पाहायचं होतं का, म्हणून मीही खट्टू झालो.

सुमनबाई मघापासून गप्प होत्या. तशाच राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं.

"मॅडम, त्या चार ओळींलेबी म्या टाकलं," त्या म्हणाल्या.

"अहो, पण का?"

"एका पंगतीत बसवाचं अन् चौघांलेच वाढाचं नाही? मले पाह्यवलं नाही."

मॅडमनी वही मिटली. "मग यंदाचं धरता येणार नाही."

तेवढ्यात बांधापलीकडून सुमनबाईंचे दीर गजाननराव म्हणाले, "वहिनी, पुढच्या साली त्या चार ओळी माह्या वावरात लावा. मी तसाबी काही टाकत नाही."

बाया हसल्या. मॅडमनीही वही उघडली. "पेरणी मात्र एकाच दिवशी, आणि बियाणंही एकच." तरी बायांचं काही ठरलं नाही. "पाहू" म्हणत त्या घरी गेल्या.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि सोल्यांची (तुरीच्या हिरव्या दाण्यांची) भाजी होती. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी तिसरी भाकरी घेतलीच.

निघताना सुमनबाई फाटकापर्यंत आल्या. "भाऊ, लिहसान तं हेबी लिहा. चूक माही हाये, जीवामृताची नाही. नाहीतं लोक त्यालेच नाव ठेवतील."

आजवर पुष्कळ शिवारफेऱ्या केल्या. सगळीकडे यशाच्याच गोष्टी ऐकल्या. आपली चूक अशी चारचौघांत सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मला त्या बाईचा फार अभिमान वाटला.

म्हणून तिने सांगितलं तसंच लिहिलं आहे. चूक सुमनबाईंची. जीवामृताची नाही.