पेजेचा टोप

त्या वर्षी फ्लूची साथ आमच्या पापडी गावात शिरली, तेव्हा ट्रान्झिस्टरवर ऐकून मी घरात सगळी तयारी केली होती. निलगिरीचं तेल आणलं, पाणी उकळलं, ताटं वेगळी केली. पण शेजारच्या मावशींपुढे कसली तयारी टिकते! आम्ही सगळे तापाने आडवे झालो, तेव्हा रोज सकाळी पेजेचा टोप घेऊन त्या थेट आत यायच्या, प्रत्येकाच्या कपाळाला हात लावायच्या आणि टोप परत न्यायला तिथेच उभ्या राहायच्या.

"रिकामा देऊ नको गो!"

मग तापाने फणफणलेली मी भिंत धरत उठायची आणि टोपात बागेतली हिरवी केळी घालायची.

शेवटी त्याच आजारी पडल्या. मी पेज घेऊन गेले.

"मावशी, उठू नका!" मी ओरडले.

त्या उठल्याच. पेज ओतून घेऊन माझ्या टोपात त्यांनी केळी ठेवली. माझीच होती, आता पिकलेली.