स्पंजाचे वाटे

कर्जतच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणजे बहुतेक वेळा मेलेले प्राणी दाखवतो. समुद्र इथून लांब, आणि सहलीला लांब जायचंच तर मुलांना वॉटरपार्क हवा असतो. त्यामुळे जेलीफिश फळ्यावर काढावी लागते. माझी उलट्या टोपलीसारखी येते. मुलं आदरापोटी हसत नाहीत. पोवळं हे चिमुकल्या प्राण्यांनी बांधलेलं घर, असं सांगितलं की निम्मा वर्ग माझ्या बोटाकडे बघतो. घरच्यांनी मंगळासाठी घातलेली अंगठी आहे ती, विज्ञानाचा काही संबंध नाही.

अशा दुष्काळात आमच्याच गावच्या तळ्यात मला जिवंत स्पंज सापडला. गाव कडावच्या अलीकडे, तळं देवळामागे. पाण्याखालच्या दगडी पायऱ्यांवर तो हिरवट, खरखरीत थर धरून होता. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मेंदू नाही. तरी दिवसभर पाणी आत ओढतो, खाण्याजोगं ठेवून घेतो, उरलेलं बाहेर सोडतो. मी ज्या समित्यांवर बसलो, त्यांना मेंदू असूनही यातलं फक्त खाणं जमलं.

मुलांना पायरीवर बसवून मी पाण्यात शाईचा थेंब सोडला. शाई स्पंजात शिरली आणि वरच्या भोकातून बारीक धारेनं बाहेर आली. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, ह्यो खरंच जिता हाय." इतकी वर्षं पगार घेऊन त्या दिवशी मला शिक्षक झाल्यासारखं वाटलं.

मग तळ्याचं सुशोभीकरण मंजूर झालं. म्हणजे दगड उपटायचे, सिमेंट ओतायचं आणि मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं. मी ग्रामसभेत उभा राहिलो.

"त्या शेवाळापायी काम अडवताय, सर?" सरपंच म्हणाले.

मी म्हटलं, शेवाळ नाही, प्राणी आहे. पाणी गाळतो. पैसे घेत नाही, वीज खात नाही. वीज म्हटल्यावर सभा एकदम जागी झाली. टाळ्या पडल्या, काम पुढं ढकललं, आणि सरपंचांनी शाल घालून मला खाली बसवलं. दगडावरून खरवडला तर तो मरतो, हे पुढचं वाक्य शालीखालीच राहिलं.

आमच्या गावकीचा जुना रिवाज आहे: तळ्यातून जे निघेल त्याचे दर घराला सारखे वाटे घालायचे. मासळीचे घालतात, उन्हाळ्यात काढलेल्या गाळाचेसुद्धा घालतात. या न्यायाचं मी बाहेरच्यांपुढं फार कौतुक करत असे.

पुढच्या रविवारी सकाळी सरपंच दारात आले. हातात पळसाचं पान, पानावर ओला हिरवा गोळा.

"गावकीनं इचार केला," ते म्हणाले. "येवडा गुनाचा जीव नुसता तळ्यात कशाला? घरोघरच्या टाक्यांत सोडला तर समद्यांना साफ पानी मिळंल. पहाटंपासनं वाटे घालतोय."

"एखादी पायरी तरी ठेवली असेल?"

"नाय सर. ठेवली तर कुनाच्या वाट्याची म्हनायची?"

बोलताना ते मनगट खाजवत होते. स्पंजाच्या अंगात काचेसारख्या बारीक सुया असतात. त्या टोचल्या असणार. मला त्याचा थोडा आनंद झाला, नाही म्हणत नाही. दोन दिवसांत सगळ्या टाक्यांना कुजका वास सुटणार होता, आणि आळ त्या बिचाऱ्या जिवावर आणि त्याच्या वकिलावर येणार होता.

"तुमचा वाटा जरा मोटा काडलाय," सरपंच मायेनं म्हणाले. "तुमी सांगितलं म्हनून तर कळलं आमाला. आनि आता तळ्यात काय उरलं नाय, तवा काम चालू करायला हरकत नाय ना?"

गावकीचा वाटा नाकारणं म्हणजे गावाला नाकारणं. मी दोन्ही हात पुढं केले, गोळा घेतला आणि हरकत नाही म्हणालो. ते पुढच्या घरी वळले, तेव्हा मला रडू आलं.