दगड कुणाच्या हातात

"हिच्यात हिची आय शिरली!" दामूकाका म्हणाले, आणि प्रार्थनेची खोली हसली. माझ्या मांडीवरचं बायबल त्यांनी उचलून नेलं. "बायांनी ध्यानात गप बसायचं."

काय गुन्हा होता माझा? डहाणूहून येणाऱ्या सिस्टरनं आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर ध्यान शिकवलं होतं. उतारा वाचायचा, डोळे मिटायचे, त्या प्रसंगात शिरायचं. मग सांगायचं, आपण कुठं होतो. त्या रविवारी उतारा होता, दगडांनी मारायला धरून आणलेल्या बाईचा. सिस्टर आली नव्हती. दामूकाकाच प्रार्थनामंडळाचे पुढारी.

पुरुष आधी बोलले. एक जण प्रभूच्या उजवीकडे उभा, दुसरा डावीकडे. दामूकाका तर खांद्याला खांदा लावून. मग बाया बोलल्या. त्या सगळ्या खाली, धुळीत. एकाही पुरुषाच्या हातात दगड नव्हता. अरे, मग मारणार होतं कोण?

माझी पाळी आली. म्हटलं, "मला हात दिसले. दगड धरलेले. एका मनगटात तांब्याचं कडं होतं."

दामूकाकांनी बाही खाली ओढली. मग ते हसणं.

मी लहान होते तेव्हा पाड्यावर एक पोर तापानं गेलं. माझ्या आईला भुताळी ठरवलं, तिनंच पोर खाल्लं म्हणाले. केस धरून ओढत नेलं तिला, तेव्हा ओढणाऱ्या हातात ते कडं मी बघितलं होतं. आम्ही मसोलीला पळालो, चिकूच्या वाडीत राबलो. आई तिथंच खंगून मेली. लग्न होऊन मी परत इथंच आले. तोवर दामूकाकांचा बाप्तिस्मा झालेला, पुढं माझाही झाला. वाटलं, झालं गेलं धुऊन निघालं. कसलं काय!

आता पाड्यावरच्या सोनीवहिनीच्या शेजाऱ्यांच्या शेळ्या मरतायत. ती विधवा, एकटी. बाया तिच्या दारावरून पोरं नेत नाहीत. त्या रविवारी बाहेर चपला घालताना दामूकाका पुरुषांना हळूच म्हणाले, "एकदा भगताला विचारून घेऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. आईच्या वेळीही आधी विचारूनच घेतलं होतं, भुताळी म्हणून तिचं नाव भगतानंच काढलं होतं.

भ्याले, खोटं कशाला बोलू?

पण आता माझं अंथरूण सोनीवहिनीच्या ओटीवर आहे. दामूला मी काका म्हणणार नाही. येत्या रविवारी तोच उतारा बोलणार, बायबल नेलं तरी पाठ आहे मला. डोळे मिटणार नाही. कडं कुणाचं, ते नाव घेऊन सांगणार.

आणि ज्याला सोनीवहिनीच्या दारात यायचंय, त्यानं बाही वर करून यावं.